कडबनवाडीचा माळ: ‘गरुड’ दाखवतो म्हणतील, आधी पाय बघा

गरुड दाखवण्याचे म्हणून आमच्याकडून दीड हजार रुपये जादा घेतले आणि दाखवली घार. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणपासून कडबनवाडीच्या माळापर्यंत शिकारी पक्षी बघायला जाणाऱ्यांनी हे वाचूनच निघावं.

जानेवारीत मी आणि माझा मावसभाऊ दोन दिवसांसाठी गेलो. पहिला दिवस उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडीत गेला. रोहित दिसले. पाण्यातल्या वाळक्या झाडावर मासा धरून बसलेला कैकर (ऑस्प्रे) दिसला: पांढरं डोकं, डोळ्यातून मानेपर्यंत गेलेला गडद पट्टा. त्यात चुकायला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे माळावर पोचलो. गाडी आणि वाटाड्या आदल्या रात्री फोनवर ठरवले होते. साडेसातच्या सुमारास त्याने एका बाभळीकडे बोट केलं. “तपकिरी गरुड. रोज दिसत नाही, याचे वेगळे द्यावे लागतात.” सूर्य पक्ष्याच्या मागे होता, दिसत होता तो नुसता काळपट आकार. आम्ही पैसे दिले, फोटो काढले. दुपारी फोटो मोठे करून पाहिले तर नडग्या पिवळ्या आणि उघड्या! तपकिरी गरुडाच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं असतात. शिवाय डोळ्यामागे गडद डाग, छातीवर फिकट रेघा. ते घारीचं अल्पवयीन पिल्लू होतं. विचारल्यावर उत्तर आलं, “ताई, इकडं सगळे गरुडच म्हणतात.” पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा दर एकूण फेरीचाच ठरवा. पक्ष्यागणिक पैसे मागणाऱ्याबरोबर जाऊच नका.

पायांच्या खुणेलाही अपवाद आहे. सापमार गरुडाचे पाय उघडेच असतात. पण त्याचं डोकं घुबडासारखं मोठं, डोळे पिवळेधमक आणि खालची बाजू बरीचशी पांढरी असते, त्यामुळे घारीशी गल्लत होत नाही.

दिवसा उडणारे शिकारी पक्षी रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. नर, मादी, पिल्लू, सगळ्यांचे रंग निराळे, आणि ऊन डोक्यावर आलं की सगळेच काळे दिसतात. आधी शेपूट बघा. घारीची दुभंगलेली असते, पण ती पसरली की खाच जवळजवळ दिसेनाशी होते. ब्राह्मणी घारीची टोकाला गोल असते. मग पंख कसे धरलेत ते बघा. एका जागी हवेत फडफडत थांबलेला पक्षी दिसला की या माळावर मुख्य तीन शक्यता: पांढुरकी, खांद्यावर काळा डाग असलेली कापशी, विटकरी पाठीची, लांब शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असलेली खरूची, नाहीतर सापमार गरुड, जो या दोघांपेक्षा कितीतरी मोठा असतो. खुंटावर गप्प बसलेला तीसा पांढऱ्या बुबुळावरून आणि पांढऱ्या गळ्यावरच्या मधल्या काळ्या रेघेवरून कळतो. फक्त पिल्लाचा डोळा तपकिरी असतो.

खरी दमछाक भोवत्यांनी, म्हणजे हॅरियर जातीच्या शिकारी पक्ष्यांनी, केली. दुपारी तीनपासून पाचपर्यंत आम्ही उभे होतो, सावली नाही, वारा थेट तोंडावर. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून ते गवतावरून इतके खाली तरंगत जातात की दुर्बीण स्थिर करेपर्यंत नाहीसे होतात. नर सोपे आहेत. पांढुरक्या भोवत्याचा नर फिकट राखाडी, पंखांच्या टोकाला काळी बारीक पाचर. मोंटेगूच्या भोवत्याच्या (दुसरी जात) नराच्या पंखावर आडवी काळी रेघ आणि पोटावर तांबूस रेषा. माद्या मात्र दोन्हींच्या तपकिरी, दोन्हींच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. पांढुरक्या मादीच्या गडद गालामागे फिकट कॉलर असते, मोंटेगूच्या मादीला ती नसते. आम्हाला अकरा माद्या दिसल्या, कॉलर नीट दिसली ती फक्त दोघींची. बाकी नऊ मी वहीत ‘भोवत्या, मादी’ एवढ्याच लिहिल्या. तुम्हीही तसंच करा. माझ्या मते अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा रिकामी जागा बरी. लहान दुर्बीण घेऊन भोवत्यांच्या नादी लागू नका. आठ बाय बेचाळीसच्या (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) खाली काहीच हाती लागत नाही.

पाचनंतर पाय भरून आले होते आणि मी परत निघायच्या बेतात होते. तेवढ्यात मेंढरं घेऊन परतणाऱ्या एका आजोबांनी स्वतःहून सांगितलं, “त्या दगडखाणीत शिंगाचं घुबड बसतंय, दिवस बुडायला बाहेर येतंय. पण लांबूनच बघा, अंडी असतील.” काही न घेता ते पुढे निघून गेले.

सकाळी आमच्या वाटाड्याने त्याच खाणीतल्या पक्ष्याला ‘मासे खाणारं घुबड’ म्हटलं होतं. तेही चूक. मत्स्य घुबडाचे डोळे पिवळे, पाय उघडे आणि कानाजवळचे तुरे बाजूला पडलेले असतात. खाणीतलं होतं ते शृंगी घुबड, म्हणजे आजोबांचं शिंगाचं घुबड: त्याचे डोळे नारिंगी, पाय पिसांनी झाकलेले आणि तुरे ताठ. डोळ्यांचा रंग बघायचा तर उजेड असतानाच पोचायला हवं. टॉर्च मारून बघायचं नाही. हे घुबड उघड्या जमिनीवर, कपारीत अंडी घालतं. उजेड पाहून मादी उठली तर थंडीत अंडी उघडी पडतात. आम्ही पलीकडच्या काठावर, निदान शंभर मीटर दूर, झुडपाआड बसलो.

सहाच्या सुमारास कपारीतला एक दगड हलला. आधी दोन तुरे वर आले, मग ते दोन नारिंगी डोळे थेट आमच्याकडे वळले. भाऊ कॅमेरा विसरून नुसता बघत राहिला. ऊन खाणीच्या कडेवरून सरकलं आणि घुबडाने घोगऱ्या, घुमणाऱ्या आवाजात दोनदा साद घातली. समोरच्या अंधारातून दुसऱ्या घुबडाचं उत्तर आलं. मग पहिलं पंखांचा जरासुद्धा आवाज न करता आमच्या डोक्यावरून माळाकडे गेलं.