आमची वाटचाल : आधी नळ, मग हातोडा

२०११ साली एका बाथरूमची एकच भिंत आम्ही दोनदा फोडली. दुसऱ्यांदा फोडली ती आमच्या खर्चानं. आज घरांच्या कामात सगळं सामान जुळवून द्यायचं काम आम्ही ज्या पद्धतीनं करतो, ती सगळी त्या भिंतीपाशी सुरू झाली.

तेव्हा आमचं फक्त दुकान होतं. पुण्यात कोथरूडमध्ये बाबांनी थाटलेला १० बाय १८ चा गाळा. बिजागऱ्या, अल्ड्रॉप, टॉवर बोल्ट, किलोवर खिळे. बाबा स्कूटरवरून रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जायचे आणि पायापाशी पोती ठेवून माल आणायचे. विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली, लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. कुलूप हातात घेऊन हे अलिगढचं, पितळेचा भाग बघून हा जामनगरचा, असं ते सांगायचे, आणि ते ऐकत ऐकतच मी हा धंदा शिकले. नंतर नळ आणि सॅनिटरीचा माल ठेवायला लागलो तो माझ्या हट्टानं.

तर ती भिंत. शॉवरच्या कन्सील्ड डायव्हर्टरची, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणाऱ्या, भिंतीत गाडलेल्या भागाची, आतली बॉडी प्लंबरनं दुसरीकडून आणून बसवली होती. वरची तबकडी आणि हँडल घरमालकांनी माझ्याकडून नेलं. आत कोणत्या कंपनीची बॉडी आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. टाइल लागल्या, ग्राउट भरलं, आणि तबकडी बसवायला गेले तर दांडा जुळेना. त्यात बॉडी हवी त्याहून तीन सूत, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर, आत गेलेली. या बॉडीवर प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्यावर कमीत कमी व जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. टाइलचा वरचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्येच यावा लागतो. जुनी भिंत ओळंब्यात नव्हती, म्हणून गवंड्यानं तिथे प्लास्टर जाड घेतलं होतं. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं, प्लंबरनंही केलं होतं. दोघांमध्ये बोलणारं कोणी नव्हतं.

तीन टाइल फोडल्या. त्याच डिझाइनचा नवा खोका आणला तर बॅच वेगळी, रंगात फरक. दिवसा कळत नव्हता, दिवा लावला की तीन ठिगळं दिसत. घरातल्या काकू एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मी अख्खी भिंत बदलून दिली. त्या वर्षीची बरीचशी कमाई त्यात गेली, पण त्याच काकूंनी पुढच्या वर्षी बहिणीचं घर आमच्याकडे सोपवलं. म्हणाल्या, ‘‘विकू नकोस नुसतं, उभी राहून करून घे.’’

तिथून आम्ही विक्रीच्या बरोबरीनं जुळवणीचं काम घ्यायला लागलो. नळ, कुलपं, बिजागऱ्या, हँडल, टाइल, लॅमिनेट, दिवे, रंग, सगळं एका हातातून. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन बहुतेक घरमालकांचेच असतात. आम्ही फक्त कोणती वस्तू, कोणत्या मापाची, कोणत्या दिवशी हे पाहतो.

त्यासाठी एक तक्ता असतो. खोलीनुसार प्रत्येक वस्तूची कंपनी, मॉडेल नंबर, फिनिश, माप, आणणारा आणि बसवणारा. शेवटचा रकाना माझा सर्वांत आवडता : ‘कशाच्या आधी’. डायव्हर्टर प्लास्टरच्या आधी. काउंटरवर ठेवायचं बेसिन असेल तर त्याची उंची ठरल्याशिवाय भिंतीतल्या नळाचा पॉइंट काढायचा नाही, नाहीतर पाणी बेसिनच्या काठावर पडतं. कमोडच्या खालच्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं ९ इंचांचं माप तयार भिंतीपासून धरतात, विटेपासून नाही. टाइल आणि मॉर्टरची जाडी आधी धरली नाही तर टाकी भिंतीला टेकते. मॉर्टाइज लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसणारं कुलूप, घ्यायच्या आधी दाराची जाडी आणि दार उजवं की डावं. कपाटाचं शटर किती क्रँकच्या, म्हणजे किती बाक असलेल्या, बिजागरीवर बसणार, झिरो, आठ की सोळा, हे सुतारानं प्लाय कापण्याच्या आधी. जुन्या शटरला नवं हँडल लावायचं तर भोकापासून भोकापर्यंतचं माप मिलिमीटरमध्ये : ९६, १२८, १६०. इंचात सांगितलं की हमखास चुकतं.

तक्ता पूर्ण भरल्याशिवाय आम्ही हातोडा चालू देत नाही. यावर लोक रागावतात. ‘‘ताई, नळ काय, नंतर बघू की!’’ हे मी प्रत्येक घरात ऐकते. सोसायटीनं कामाला मुदत दिलेली असते, राडारोडा न्यायची गाडी ठरलेली असते, भाड्याच्या घराचे पैसे चालू असतात. तरीही मी थांबवते. अशी तीन कामं हातची गेली आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

फिनिशबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरात डोळ्याला खुपतं ते इथेच. ‘सोनेरी’ नावाचा एक रंग बाजारात नाही. एका कंपनीचा सोनेरी लिंबासारखा, दुसरीचा तांब्याकडे झुकणारा, तिसरीचा ब्रश केलेला. बाथरूममध्ये नळ, शॉवर, टॉवेल रॉड, जाळी, बेसिनच्या सांडपाण्याचा बॉटल ट्रॅप हे सगळं एकाच कंपनीच्या एकाच फिनिशमध्ये घ्या. बॉटल ट्रॅपसकट, कारण बेसिनखाली तोच दिसतो. दारांची हँडल वेगळ्या रंगाची असली तरी चालतात, पण ती सगळ्या घरात सारखी हवीत. मॅट काळे नळ सुंदर दिसतात, पण बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तिथे मी ते देत नाही. जड पाण्याचे पांढरे डाग त्यावर आठवड्यात उमटतात आणि घासून काढायला गेलं की फिनिशच जातं. नमुने दुकानात बघून ठरवायचे नाहीत. आम्ही लॅमिनेटचे तुकडे, टाइल आणि हँडल एका फळीवर लावून संध्याकाळी घरी नेतो आणि जो दिवा तिथे लागणार आहे त्याच्याखाली धरतो. ३००० केल्विनच्या पिवळसर उजेडात राखाडी लॅमिनेट तपकिरी दिसतं, ६५०० च्या पांढऱ्या उजेडात पितळ फिकं पडतं.

एक चूक मात्र तक्त्यातही नव्हती. एका घरात सगळं बसून झालं, आणि शेवटच्या दिवशी साफसफाईला आलेल्या माणसांनी टाइलवरचं सिमेंट काढायला ॲसिड वापरलं. खिडक्या बंद होत्या. नुसत्या वाफेनं शॉवरच्या क्रोमवर ठिपके पडले आणि दाराच्या बिजागऱ्या चार दिवसांत गंजल्या. तेव्हापासून ‘ॲसिड नाही’ हे आम्ही मोठ्या अक्षरात दारावर चिकटवतो, आणि घर धुऊन झाल्याशिवाय वरचे भाग खोक्यातून बाहेर काढत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आमची दोन कामं अर्धी होती. त्यातल्या एका घरी वृद्ध जोडपं, एकच संडास, आणि तोही उकरलेला. शेजाऱ्यांनी त्यांच्या घरचा वापरू दिला म्हणून निभावलं. त्या आजी-आजोबांची मी आजही माफी मागते. आता दोन संडास असतील तर एक पूर्ण चालू झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. एकच असेल तर सगळं सामान, अगदी बेसिनच्या भोकात बसणाऱ्या वेस्ट कपलिंगपर्यंत, घरात येऊन मोजलं गेल्यावरच काम सुरू होतं.

पैशांचंही सांगायला हवं. आमच्या धंद्यात दुकानदार कारागिराला टक्केवारी देतो ही जुनी रीत आहे. २०१६ पासून आम्ही ती घेत नाही आणि देत नाही. जुळवणीची ठरावीक फी घेतो, बिलं ज्याची त्याच्या नावावर. सुरुवातीला काही जुने प्लंबर आमच्याकडे यायचे बंद झाले. जे राहिले, ते आज मापं घ्यायला स्वतःहून बोलावतात.

आता आम्ही सहा जण आहोत. बाबा दुपारी गाळ्यावर बसतात आणि आलेलं प्रत्येक कुलूप दहादा फिरवून बघतात.

या आठवड्यात कर्वेनगरला एका आजींचं बाथरूम चालू आहे. त्यांना आधाराचा दांडा हवा. भिंत हलक्या ब्लॉकची आहे, स्क्रूचा साधा प्लग त्यात धरणार नाही, म्हणून टाइलच्या आधीच दांड्याच्या दोन्ही टोकांशी ब्लॉक काढून तिथे काँक्रीट भरतोय. दांड्याची उंची पुस्तकातून नाही घेतली. काल आजींना स्टुलावर बसवलं, उठायला सांगितलं, त्यांचा हात आपोआप जिथे टेकला तिथे पेन्सिलीनं रेघ मारली. परवा टाइलचं काम सुरू होतंय. त्याआधी त्या रेघेचं माप जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून घेऊन तक्त्यात लिहिलं आहे.