मार्शलची वही: हेडिंग्लेपर्यंत पोहोचलो

सहा आठवड्यांनी नोंद लिहितोय. वहीत १९८४ ची इंग्लंडमधली मालिका चालू आहे आणि मी तिसऱ्या कसोटीवरून पुढे सरकायलाच तयार नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: वेस्ट इंडीजचा उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज माल्कम मार्शल याच्या जेवढ्या चित्रफिती मिळतील तेवढ्या बघायच्या आणि प्रत्येक बळीला एक पान द्यायचं, असा हा उद्योग आहे. टप्पा कुठे पडला, चेंडू कुठून वळला, फलंदाजाचा पाय कुठे होता, एवढंच टिपतो. ८१ कसोटी, ३७६ बळी, सरासरी २०.९४ हे पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय आणि आकडेमोड तिथेच संपवली आहे.

तर ती तिसरी कसोटी, इंग्लंडमधलं हेडिंग्ले मैदान. पहिल्याच दिवशी गलीत क्षेत्ररक्षण करताना मार्शलच्या डाव्या अंगठ्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. वेस्ट इंडीजचा नववा गडी बाद झाला तेव्हा लॅरी गोम्स ९६ वर होता. सगळ्यांना वाटलं डाव संपला, तेवढ्यात हाताला प्लास्टर घातलेला मार्शल पायऱ्या उतरून आला. एका हाताने खेळला, एक चौकारही मारला आणि गोम्सचं शतक झालं. मग त्याच प्लास्टरसकट चेंडू हातात घेऊन ५३ धावांत ७ बळी! इंग्लंडच्या फाउलरचा झेल तर त्याने स्वतःच्याच गोलंदाजीवर घेतला. इंग्लंड १५९ वर गारद.

मला छळत होता तो डावा हात. आपल्याला शिकवतात की डावा हात वर न्या, मूठ आवळून खाली ओढा, त्यातून खांदा फिरतो. म्हणून गेल्या रविवारी डाव्या अंगठ्याला आणि मनगटाला घट्ट पट्टी बांधून नेटमध्ये चार षटकं टाकली. पहिल्या षटकात चेंडू लेग स्टंपच्या बाहेरच जात राहिले, कारण मूठ वळत नाही आणि खांदा आधीच उघडतो. तिसऱ्या षटकात छाती समोर ठेवून, तिरकं धावत येऊन टाकून पाहिलं, तेव्हा कुठे दिशा आली. माझं मत असं बनलंय की मार्शलची शैलीच छाती उघडी ठेवणारी असल्यामुळे डाव्या हाताची उणीव त्याला कमी भासली. वळवायचं काम मनगट करत होतं. आउटस्विंग (हवेत बाहेर वळणारा) आणि इनस्विंग (आत येणारा) दोन्ही त्याच धावेतून, त्याच खांद्यातून. चित्र थांबवून कितीदा बघितलं तरी चेंडू सुटेपर्यंत फरक सापडत नाही.

उंचीबद्दल थोडंसं. संघातल्या गार्नर, होल्डिंग या उंच गोलंदाजांच्या शेजारी पाच फूट अकरा इंचांचा मार्शल लहानखुरा दिसायचा, पण त्याचा बाउन्सर डोक्यावरून न जाता घसरत गळ्यापाशी यायचा. कानपूर १९८३ चं पान आठवा: गावसकरांसारख्या फलंदाजाच्या हातून बॅट सुटली.

लेगकटरची, म्हणजे टप्पा पडल्यावर लेगकडून ऑफकडे वळणाऱ्या वेगवान चेंडूची, माझी प्रगती मंद आहे. मार्शलने तो ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीकडून घेतला होता. माझा चेंडू वळतो, पण वेग इतका पडतो की फलंदाज वाट बघत उभा राहतो. बोटं शिवणीवरून खाली ओढताना मनगट आधीच सैल पडतंय, हे स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसलं. ओल्ड ट्रॅफर्ड १९८८ साठी हे जमायला हवं. तिथे त्याने वेग आवरून निव्वळ वळवण्यावर २२ धावांत ७ बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव ९३ वर संपला.

वहीच्या शेवटी काही पानं बळींसाठी नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ संघात त्याने कोवळ्या शॉन पोलॉकला हाताशी धरलं, ते तिथे येईल. ४ नोव्हेंबर १९९९ हे पान मात्र अजून कोरं आहे. एक्केचाळिसाव्या वर्षी मार्शल कर्करोगाने गेला. काय लिहावं सुचत नाही.

पुढच्या वेळी क्रम मोडून मद्रास १९८३ कडे मागे जाणार आहे. गायकवाड आणि वेंगसरकर दोघांनाही त्याने भोपळा फोडू दिला नव्हता, आणि चौथ्या क्रमांकावर उतरलेले गावसकर शून्य धावफलकावरच मैदानात आले. त्यांच्या नाबाद २३६ मध्ये मार्शलचे जे चेंडू त्यांनी नुसते सोडून दिले, ते मला मोजायचे आहेत. कोणाकडे त्या डावाची लांब चित्रफीत असेल तर जरूर कळवा.