आमची वाटचाल: आवाज शोधायचे पैसे

चिपळूणहून कराडकडे निघालं की खेर्डीच्या अंगाला आमचं गॅरेज लागतं. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा अँबॅसिडर, पद्मिनी आणि जीप एवढ्याच गाड्या यायच्या. टर्न मारताना गाडी कुईकुई करायला लागली की उपाय ठरलेला असायचा. ग्रीसगन घ्यायची, पुढच्या चाकांमागच्या एकेका निपलला लावायची आणि काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत दाबत राहायचं. गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत आवाज बंद! बाबा त्याचे वेगळे पैसेही लावत नसत, ऑइल बदलीच्या बिलातच ते जायचं.

१९८३ साली मारुती ८०० बाजारात आली आणि पुढं आमच्याकडच्या गाड्याही बदलत गेल्या. निपलच गेली. चाक ज्यावर वळतं तो बॉल जॉइंट कारखान्यातूनच सीलबंद, वर रबराचा बूट, म्हणजे टोपी. तो चिरला की ग्रीस बाहेर आणि कोकणचा पाऊस नि लाल माती आत. कोरडा पडलेला जॉइंट मग कुरकुरतो. ग्रीस मारायला जागाच नाही, म्हणून सगळीकडं पार्ट बदलायची चाल पडली. लोअर आर्म बदला, नाही गेला आवाज तर लिंक रॉड बदला, तरीही नाही तर स्टेअरिंगचा रॅकच काढा. अंदाजपंचे दाहोदरसे, आणि बिल गिऱ्हाइकाच्या माथी.

मी कामात पडल्यावर एक पायंडा पाडला: आवाज शोधायचे पैसे वेगळे, पार्टचे वेगळे. बाबांना ते अजिबात पटलं नाही. ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि बाबा त्याच्याच बाजूनं मान डोलवायचे. पण आमचं गॅरेज उभं राहिलं ते यावरच, असं माझं मत आहे. शोधायचे पैसे मिळाले की मेकॅनिकला पार्ट खपवायची घाई राहत नाही.

आम्ही आधी विचारतो, उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं तर आवाज येतो, की गाडी चालतानाच? उभ्या गाडीत येत असेल तर इंजिन बंद करून, चावीनं लॉक सोडवून पुन्हा फिरवून बघायचं. तरीही आला तर इंजिनावर चालणारे बेल्ट आणि पंप संशयातून सुटले, दोष खाली चाकाकडं किंवा स्टेअरिंगच्या दांड्यात. इंजिन चालू असतानाच चिरकत असेल आणि स्टेअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं असेल, तर बेल्टवर थोडं पाणी शिंपडतो. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बेल्ट कडक झालेला असतो किंवा पुली सरळ रेषेत नसते. उलट वाढला तर बेल्ट ढिला. आता बहुतेक लहान गाड्यांचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक असतं, त्याला बेल्ट नसतोच. तरी कोणी स्टेअरिंगच्या आवाजासाठी बेल्ट बदला म्हणालं, तर जरा थांबा.

चालत्या गाडीचं वेगळं. फुल स्टेअरिंग मारून सावकाश गोल फिरवताना टकटक आली तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. उजवीकडं वळताना घूंऽऽ वाढलं तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग, कारण वळताना वजन तिकडं जातं. चर्रऽऽ असं घासत असेल तर डिस्कमागच्या पत्र्यात खडी अडकलेली. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या येतात तेव्हा हायवेच्या कृपेनं हे सगळंच बघायला मिळतं. काहींची तक्रार मात्र मुंबईतल्या पार्किंगची असते. तिथल्या गुळगुळीत फरशीवर टायर चिरकतात, त्यात काही बिघाड नाही. त्यांना तसंच परत पाठवतो.

गुहागरकडचे एक निवृत्त गुरुजी आले होते. दुसऱ्या एका गॅरेजात दोन्ही लोअर आर्म बदलून झाले होते आणि आता रॅक सांगितला होता. आमच्या पोराला आत बसवलं, गाडी जमिनीवरच ठेवली. जॅकवर घेतली की वजन उतरतं आणि आवाज लपतो. मी चाकामागं हात घालून स्प्रिंगवर तळवा टेकवला. स्टेअरिंग फिरतंय, करकर होतेय, पण स्प्रिंग जागची हलत नाही. मग एकदम टंग करून झटका. स्प्रिंग वर जिथं बॉडीला टेकते, त्या माउंटिंगचं बेअरिंग जाम होतं. खोललं तर आत गोळ्यांभोवती तपकिरी भुकटी. दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलली, अलाइनमेंट केली, रॅकला हातही लावला नाही. गुरुजींनी जुनी बेअरिंग कागदात बांधून नेली, बहुधा त्या गॅरेजवाल्याला दाखवायला.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं, त्यात कॉम्प्रेसर आणि पान्यांच्या पेट्या गेल्या. तेव्हा लोकांना काळजी इंजिनाची. आवाज नंतर सुरू झाले. माउंटिंगमध्ये, सांध्यांतल्या रबरी बुशमध्ये, फाटक्या बूटांत गाळ बसला होता. त्या कामांनीच आम्हाला परत उभं केलं, हेही खरंच. तेव्हा स्प्रिंग दाबायचं चांगलं अवजार घेतलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो, तिथं काटकसर नाही.

बॉल जॉइंटचा संशय असला की आम्ही बारीक सुईनं बूटात थोडं ग्रीस सोडतो. आवाज थांबला की जॉइंट पक्का सापडला, पण तो बदलावाच लागतो. ‘आवाज गेला ना, मग राहू दे’ म्हणणाऱ्याला आम्ही कुंभार्ली घाटात जाऊ नका म्हणून बिलावर लिहून देतो. जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं.

गाडी आणणार असाल तर दोनच विनंत्या. धुऊन आणू नका, ओल्या बुशचा आवाज सुकेपर्यंत येत नाही. आणि घरी डिझेल किंवा ऑइल मारू नका, रबर फुगतं. आवाज सकाळी गार गाडीत येत असेल तर आदल्या संध्याकाळीच सोडून जा, सकाळी पहिलं स्टेअरिंग आम्हीच फिरवू.