तुम्ही विचारलंत म्हणून: पासवर्ड असताना सर्टिफिकेटचं लॉगिन कशाला?

हा प्रश्न मला सारखा येतो, कामावर नवीन लागलेल्या पोरांकडून येतो, छोटी कंपनी चालवणाऱ्या ओळखीच्यांकडून येतो, की "आमच्या अ‍ॅडमिन पॅनलला पासवर्ड आहे, ओटीपी आहे, तरी तुम्ही क्लायंट सर्टिफिकेट (वापरणाऱ्याच्या मशीनवर ठेवलेलं डिजिटल ओळखपत्र) लावा म्हणून मागे का लागता, आणि ते लावायला अवघड किती?" तर एकदाच नीट लिहून टाकतो.

कुठलीही एचटीटीपीएस साइट उघडली की सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो आणि ब्राउझर ते तपासतो, हे सगळ्यांना माहिती आहे. पण टीएलएसमध्ये (एचटीटीपीएसला सुरक्षित करणारा प्रोटोकॉल) उलट्या बाजूचीही सोय आहे आणि ती खूप जुनी आहे, सर्व्हर म्हणू शकतो की आता तुझं दाखव. मग ब्राउझर आपलं सर्टिफिकेट पाठवतो आणि हँडशेकमध्ये, म्हणजे कनेक्शन जुळतानाच्या सुरुवातीच्या बोलण्यात, तोवर जे काही बोलणं झालं त्यावर आपल्या प्रायव्हेट कीने (सर्टिफिकेटच्या जोडीची गुप्त किल्ली) सही करून देतो. की मशीनमधून बाहेर जातच नाही, जाते ती फक्त सही, आणि ती सही त्या एका कनेक्शनपुरतीच चालते. पासवर्ड दर वेळी टाइप करावा लागतो म्हणून तो खोट्या पानावरही टाइप होतो, ओटीपीचंही तेच, फिशिंगवाले दोन्ही एका दमात मागून घेतात आणि तिकडे खऱ्या साइटवर लगेच टाकतात. इथे माणूस फसला तरी द्यायला त्याच्याकडे काही नसतंच.

ज्यांनी सरकारी ई-टेंडर भरलंय किंवा कंपनीचे रिटर्न फाइल केलेत त्यांना ही कल्पना नवी नाही, यूएसबी टोकन लावायचं, पिन टाकायचा, डीएससी (डिजिटल सही सर्टिफिकेट) निवडायचं. तिथे सही बहुतेक वेळा पोर्टलचं वेगळं सॉफ्टवेअर करून घेतं, टीएलएसच्या आत होत नाही, पण तत्त्व तेच.

पण खरं सांगायचं तर मी आग्रह धरतो तो फिशिंगपेक्षा दुसऱ्या कारणासाठी. पासवर्डचं लॉगिन पान म्हणजे जगाला दिसणारं पान. तुमचं अ‍ॅडमिन पॅनल कुणीतरी कधीकाळी पीएचपीत लिहिलंय, त्यात काय भोकं आहेत कुणालाच ठाऊक नाही, आणि बॉट रात्रंदिवस तिथे टकटक करतायत. सर्टिफिकेट लावलं की ज्याच्याकडे ते नाही त्याला एनजिनेक्स (वेब सर्व्हर) स्वतःच ४०० एरर देऊन परत पाठवतो, "नो रिक्वायर्ड एसएसएल सर्टिफिकेट वॉज सेंट" एवढंच दिसतं, रिक्वेस्ट अ‍ॅपपर्यंत पोचतच नाही. हा फायदा मला फार मोठा वाटतो.

आता लावायचं कसं. एनजिनेक्समध्ये सर्व्हर ब्लॉकमध्ये दोन ओळी, एकात तुमच्या सीएच्या (सर्टिफिकेटवर सही करून ती देणारा) सर्टिफिकेटचा पाथ (एसएसएल क्लायंट सर्टिफिकेट नावाचं डायरेक्टिव्ह), दुसरीत एसएसएल व्हेरिफाय क्लायंट ऑन. रीलोड. झालं. अपाचेत एसएसएल व्हेरिफाय क्लायंट रिक्वायर, तसंच. फक्त साइटच्या एका भागालाच हवं असेल तर एनजिनेक्समध्ये हे लोकेशन ब्लॉकमध्ये टाकता येत नाही, मग 'ऑप्शनल' ठेवून लोकेशनमध्ये व्हेरिफायची किंमत 'सक्सेस' आहे का ते बघून नसेल तर ४०३ (प्रवेश नाही) द्यायचा. माझं मत विचाराल तर वेगळं सबडोमेन काढा आणि सरळ 'ऑन' करा, डोक्याला शांतता.

इथे हमखास विचारतात की लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणारा पब्लिक सीए) फुकट मिळतं की, तेच वापरू का. सर्व्हरच्या सर्टिफिकेटसाठी खुशाल वापरा. पण क्लायंट तपासायला सीए म्हणून पब्लिक सीए कधीच ठेवू नका, कारण सर्व्हर फक्त एवढंच बघतो की या सीएने दिलंय का, आणि पब्लिक सीए तर डोमेन असलेल्या कुणालाही देतो, म्हणजे तुम्ही दार लावून किल्ली गावभर वाटली. शिवाय लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्येच जाहीर केलंय की २०२६ पासून त्यांच्या सर्टिफिकेटवर क्लायंट ऑथेंटिकेशनचा वापर नमूद नसेल. तेव्हा सीए स्वतःचाच, ओपनएसएसएलने (सर्टिफिकेट बनवायचं कमांडलाइन साधन) बनवा, त्याची प्रायव्हेट की वेब सर्व्हरवर ठेवू नका (सर्व्हरला फक्त सीएचं सर्टिफिकेट लागतं, की लागत नाही, हे बरेच जण विसरतात), आणि माणसाला देताना सर्टिफिकेटवर एक्स्टेंडेड की युसेज (हे कशासाठी वापरायचं याची नोंद) क्लायंट ऑथ आहे ना ते बघा.

मग ते माणसाच्या लॅपटॉपवर जायला हवं, आणि अर्धे फोन मला याच टप्प्यावर येतात. की आणि सर्टिफिकेट मिळून एक पी-ट्वेल्व्ह फाइल बनते, तिला पासवर्ड असतो. ओपनएसएसएल ३.० आलं २०२१ मध्ये आणि त्याने या फाइलचं डिफॉल्ट एन्क्रिप्शन बदललं, नवीन चांगलं घेतलं, पण मॅकच्या कीचेनला आणि जुन्या विंडोजला ते बऱ्याचदा वाचता येत नाही आणि स्क्रीनवर येतं काय तर पासवर्ड चुकीचा. माणूस बिचारा तोच बरोबर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसतो. एक्सपोर्टच्या कमांडला 'लेगसी' ऑप्शन लावला की तीच फाइल गुपचूप आत जाते. आणि फायरफॉक्सचं सर्टिफिकेटचं कपाट स्वतःचं वेगळं असतं, विंडोज आणि मॅकवर क्रोम सिस्टीममधून घेतो (फायरफॉक्सही तिथे २०२१ च्या ९० व्या आवृत्तीपासून सिस्टीममधलं बघतो, त्याआधीचा बघत नव्हता), त्यामुळे "क्रोममध्ये चालतंय फायरफॉक्समध्ये नाही" असं झालं तर त्यात सर्व्हरचा काही दोष नाही. शंका आली तर आधी कर्लला (कमांडलाइनवरून साइट मागवायचं साधन) सर्टिफिकेट आणि की देऊन बघा, तिथे चाललं तर सर्व्हर ठीक.

इथपर्यंतचं काम एका दुपारचं आहे, आणि इथेच बहुतेक लोक थांबतात, ते मला पटत नाही. कारण खरा प्रश्न दिलेलं सर्टिफिकेट परत कसं घेणार हा आहे. माणूस नोकरी सोडून गेला, लॅपटॉप लोकलमध्ये राहिला, तर? पासवर्ड बदलता येतो, सर्टिफिकेट मुदत संपेपर्यंत चालूच राहतं. त्यासाठी सीआरएल, म्हणजे रद्द केलेल्यांची यादी, सीएने सही केलेली, आणि तिचा पाथ एनजिनेक्सच्या एसएसएल सीआरएल डायरेक्टिव्हमध्ये. ही यादीही शिळी होते, तिच्यावर पुढच्या अपडेटची तारीख असते, ओपनएसएसएलच्या नमुना कॉन्फिगमध्ये ३० दिवस, आणि ती तारीख उलटली की एनजिनेक्स सगळ्यांनाच बाहेर ठेवतो, चांगल्या सर्टिफिकेटवाल्यांनासुद्धा. महिनाभर सगळं सुरळीत आणि एका सकाळी अख्ख्या ऑफिसला ४०० दिसलं की मी पहिल्यांदा तेच बघतो. क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा, नवी यादी बनवा आणि रीलोडही करा, नुसती फाइल बदलून एनजिनेक्सला कळत नाही. छोटी टीम असेल तर मी सर्टिफिकेटची मुदतच कमी ठेवतो, काही महिन्यांची, म्हणजे विसरलेलं काही राहिलं तरी आपोआप मरतं.

पुढे प्रॉक्सी (मध्ये उभा राहून रिक्वेस्ट पुढे पाठवणारा सर्व्हर) असेल आणि तो सर्टिफिकेटवरचं नाव तपासून हेडरमधून अ‍ॅपला नाव कळवत असेल तर एक बघा, बाहेरून कुणी तोच हेडर स्वतः लिहून पाठवला तर काय होतं? प्रॉक्सीने तो दर वेळी स्वतःच्या किमतीने ओव्हरराइट केलाच पाहिजे आणि अ‍ॅपला प्रॉक्सी सोडून दुसऱ्या कुणी थेट गाठता कामा नये. आणि एनजिनेक्स अपडेट ठेवा, फेब्रुवारी २०२५ मध्ये एक भोक निघालं होतं, एकाच आयपी-पोर्टवर अनेक साइट असतील तर टीएलएस १.३ च्या सेशन रिझम्प्शनमधून (जुनं कनेक्शन पुन्हा चालू करण्याची सोय) एका साइटचं क्लायंट सर्टिफिकेट तपासणं चुकवता यायचं, १.२६.३ आणि १.२७.४ मध्ये ते बुजवलंय.

ग्राहकांसाठीच्या साइटला हे लावू नका. लोकांना फाइल इम्पोर्ट करायला सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, त्यांच्यासाठी पासकी (पासवर्डविना लॉगिनची सोय) आहे, तीही सहीच करते आणि बाकी सगळं फोनच सांभाळतो. हे ऑफिसच्या आतल्या गोष्टींसाठी आणि एका सर्व्हरने दुसऱ्याशी बोलण्यासाठी.

लावलंत की आणखी एवढं कराच. एनजिनेक्समध्ये एक व्हेरिएबल आहे, एसएसएल क्लायंट व्ही रिमेन, सर्टिफिकेट संपायला किती दिवस उरलेत ते सांगतं. ते हेडरने अ‍ॅपला द्या आणि १५ च्या खाली आलं की वरती पिवळी पट्टी दाखवा, "तुमचं सर्टिफिकेट संपत आलंय, नवीन मागून घ्या." लोक आपण होऊन मागायला येतात, ऐन महिनाअखेरीला पगाराचं काम अडून कुणाला फोन करावा लागत नाही.