दुध्याच्या टँकमध्ये दुसरा ॲक्सोलॉटल सोडला तो दिवस

सांगलीत घरोघरी जाऊन फिशटँक सांभाळायचं काम करतो मी, पण विश्रामबागच्या काकूंकडचा एप्रिलमधला तो दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही. त्यांच्याकडे दुध्या, पांढरा ॲक्सोलॉटल, म्हणजे पालीसारखे चार पाय असलेला पण जन्मभर पाण्यातच राहणारा बेडकाच्या वर्गातला प्राणी, गुलाबी कल्ल्यांचा, 22 सेंटीमीटरचा. लेकीने हट्ट धरला, एकटा आहे बिचारा, जोडीदार आणूया. मी म्हटलं काकू, मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला प्राणी हा, ह्याला सोबत लागत नाही, एकटाच सुखात राहतो. पण दुसरा आलाच, काळा.

मग मी नीट करायचं ठरवलं. 30 दिवस वेगळ्या टबमध्ये, रोज सगळं पाणी बदलायचं, क्लोरीन काढलेलं, थंडाव्याला बर्फाची बाटली. दोघं नर आहेत तेही बघून घेतलं, नाहीतर मादी एका वेळेला शेकड्याने अंडी घालते. टँकचं पाणी तपासलं, घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं, अमोनिया 0, नायट्राइट 0. बाहेर 40 डिग्री, आत चिलरवर, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मशीनवर, 17. एकच गोष्ट खटकत होती, काळा 19 सेंटीमीटरचाच. अजून महिनाभर थांबूया असं ठामपणे म्हणायला पाहिजे होतं मी, नाही म्हटलं, ते आजही सलतं.

संध्याकाळी लाइट बंद करून सोडला, लपायला दोघांना वेगवेगळे पाइप. दोन तास एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. मी सामान आवरत होतो आणि काकूंनी कौतुकाने एक गांडूळ टाकलं, ते पडलं नेमकं दोघांच्या मधे. वास आल्याबरोबर काळ्याने पुढचा हात हलवला आणि दुध्याने खपकन तोंड उघडलं, कोपरापर्यंत हात आत! ह्यांची नजर अधू असते ओ, वास आला आणि काहीतरी हललं की पाण्यासकट ओढून घेतात, त्यात राग नाही की वैर नाही.

"आई गं, खाल्लं की ओ त्याला!" काकू रडायलाच लागल्या, लेक हात घालून ओढणार तेवढ्यात मी ओरडलो, ओढू नका, फाटेल. पाच-सात सेकंदांत दुध्याने आपणहून सोडलं. काळ्याच्या डाव्या हाताची बोटं गेली होती, एक पांढरा धागा तेवढा लोंबत होता.

परत टब, परत थंड पाणी, रोज बदलायचं, औषध काही नाही. लेक रोज सकाळी कॉलेजच्या आधी पाणी बदलायची, एक दिवस चुकवला नाही पोरीने. काही दिवसांनी तिथे मोहरीएवढा कोंब दिसला, मग तो चपटा झाला, मग त्यात खाचा पडल्या. जूनच्या शेवटी काकूंचा फोन, दादा लवकर या. गेलो तर टबापाशी मायलेकी वाकून बसलेल्या, लेक बोट लावून मोजतेय, एक, दोन, तीन, चार. पुढच्या हाताला चारच असतात, पूर्ण आली होती.

आता टँकच्या मधे जाळी आहे, गांडूळ चिमट्याने, दुध्याला डावीकडे, काळ्याला उजवीकडे.