पेनांगला क्रूझ थांबली की चौरस्ता मार्केट स्वतःच करा

सिंगापूरहून निघणाऱ्या बऱ्याच क्रूझ मलेशियातल्या पेनांग बेटाला थांबतात, आमचीही थांबली. सकाळी नऊला खाली सोडलं, संध्याकाळी पाचपर्यंत परत. जहाजावर 'लोकल मार्केट आणि सिटी टूर' असं पॅकेज विकत होते, चौघांचे पैसे बघून मी म्हटलं राहू दे. नंतर ती टूर करून आलेल्या एका जोडप्याशी डिनरला बोलणं झालं, तर त्यांची बस एका बाटिकच्या आणि एका चॉकलेटच्या दुकानात तासभर थांबली आणि मार्केट फक्त खिडकीतून दिसलं!

पेनांगला सोय अशी की जहाज जॉर्जटाऊन या तिथल्या मुख्य शहराच्या स्वेटनहॅम पिअरला थेट धक्क्यालाच लागतं, छोट्या बोटीत वगैरे बसायची भानगड नाही. बाहेर पडलात की समोर राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, तिच्या राज्याची 60 वर्षं म्हणून 60 फूट उंच. गेटवर सायकलरिक्षावाले आणि टॅक्सीवाले गराडा घालतात, हसून पुढे चालत राहायचं. चौरस्ता मार्केट तिथून आमच्या चालीने अर्धा तास, पण ऊन आणि दमट हवा अशी की दहा मिनिटांत शर्ट पिळून काढावा. आई बरोबर होती म्हणून आम्ही फेरीबोटीच्या जेट्टीपर्यंत चालत गेलो आणि तिथून शहरात फिरणारी फुकटची सीएटी बस पकडली, कोमटारला उतरलो (साठहून जास्त मजल्यांची बिल्डिंग, चुकणं शक्य नाही), पुढे पाच-सात मिनिटं चालत. ज्यांना घाई आहे त्यांनी ग्रॅब (आपल्या ओला-उबरसारखं टॅक्सीचं ॲप) करा, फक्त फोनमध्ये डेटा पाहिजे.

चौरस्ता म्हणजे आपलाच चौरस्ता, शब्दही तोच. बोर्डावर ते नाव वाचून आई एकदम खूश. मासळी, भाजी, कोंबडी हा सगळा ओला बाजार आणि बाजूच्या कुआला कांगसार रस्त्यावरचे ठेले सकाळचेच, दुपार झाली की आवराआवर सुरू. म्हणून सगळ्यात आधी इथे या, किल्ला आणि देवळं नंतरही तिथेच असतात. चपला न घसरणाऱ्या घाला, फरशी कायम ओली.

पण खरी मजा पेनांग रोडच्या बाजूला, तिथे मुरवलेल्या फळांची दुकानं आहेत, जेरुक म्हणतात. कैरी, आवळा, पपई, आणि जायफळ! आपण जायफळाची बी वापरतो आणि तिच्यावरची लाल जायपत्री, पण बाहेरचं जाड फळ आपल्याकडे बहुतेकांनी बघितलेलंही नसतं, इथे ते फळच मुरवून विकतात, ओलं, सुकं, किसलेलं, सगळ्या तऱ्हांनी. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने इथे जायफळाच्या बागा लावल्या, त्याची ही चव अजून टिकून आहे. दुकानदारीण काडीला तुकडा लावून चाखायला देते, आईने चार दुकानं चाखून पाचव्यात घेतलं. भाषा कुणाला येत होती? बोटांवर भाव झाला. 'बरापा?' म्हणजे केवढ्याला आणि 'बोले कुरांग?' म्हणजे कमी होईल का, एवढं पुरतं. छापील भाव असेल तिथे मात्र घासाघीस नको, उगीच तोंड पाडून घ्याल. रिंगिटच्या (मलेशियाचं चलन) लहान नोटा ठेवा, ठेल्यावर कार्ड चालेल असं धरून चालू नका.

चूक माझी सांगतो. ओलं जायफळ घेतलं, प्लास्टिकच्या पिशवीला नुसतं रबर लावलेलं, आणि सॅकमध्ये आडवं टाकलं. पासपोर्टच्या झेरॉक्सला आणि टॉवेलला अजून तो वास आहे. सुकं, सीलबंद पाकीटच घ्या. ताजी फळं तिथेच खाऊन संपवा, जहाजावर चढताना बॅग स्कॅन होते आणि फळं काढून घेतात, डुरियन या उग्र वासाच्या फळाचं तर नावच काढू नका.

वरच्या मजल्यावर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, ऊन टाळायला बरी. रस्ता ओलांडून केंग क्वी गल्लीत चेंडोल मिळतं, बर्फ, नारळाचं दूध, गूळ आणि हिरव्या शेवया, रांग मोठी पण पटापट सरकते. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, भाजीच्या डिशमध्येही बलाचान म्हणजे कोळंबीची पेस्ट असू शकते, आणि आसाम लक्सा या आंबट नूडल सूपमध्ये तर मासाच असतो. आईसाठी आम्ही सरळ लिटल इंडियात जाऊन शाकाहारी थाळी खाल्ली, ते परतीच्या वाटेवरच आहे, पिअरच्या जवळ.

वेळेचं सांगायचं राहिलं. पेनांग आणि सिंगापूरचं घड्याळ एकच आहे, पण तुमची क्रूझ पुढे फुकेतला जाणार असेल तर तिथे एक तास मागे. फोन आपोआप वेळ बदलतो, जहाज बदलेलच असं नाही, त्यामुळे उतरताना गँगवेवर (जहाजातून उतरायच्या जिन्यावर) लिहिलेली वेळ बघून हातातल्या घड्याळात लावा. आम्ही सव्वाचारला परत आलो, आई तासभर आधीच पोचायचं म्हणून हटून बसली होती. साडेचारला असा पाऊस कोसळला की डेकवरून पिअरसुद्धा दिसेना, आणि शेवटचे लोक पिशव्या डोक्यावर धरून पळत येत होते.