मधली काठी वजन पेलत नाही: आठ इंची केक उभा ठेवताना

सहा इंची टिन आणि आठ इंच उंची. होम बेकर याला ‘डबल बॅरल’ म्हणतात. हा केक ढासळतो तेव्हा बहुतेकदा एकच चूक सापडते. आठ थर एकावर एक रचलेले असतात, मधोमध एक लांब काठी खुपसलेली असते आणि तेवढ्यावर आधार झाला असं गृहीत धरलेलं असतं. ती काठी केकला आडवं सरकू देत नाही, एवढंच तिचं काम. वजन ती घेत नाही. वरचे थर तिच्या अंगावरून हळूहळू खाली बसत जातात आणि सगळा भार तळाच्या स्पंजवर येतो.

भरलेला, लेपलेला असा केक साधारण अडीच ते तीन किलो होतो. त्यातलं जवळजवळ निम्मं वजन खालच्या चार इंचांवर असतं. मऊ स्पंज ते पेलू शकत नाही आणि त्याने पेलावं अशी अपेक्षाही नको. म्हणून चार-पाच इंचांच्या वर गेलेल्या केकमध्ये मधे एक बोर्ड आणि त्याखाली डॉवेल हवेतच. बोर्ड म्हणजे स्लॅब, डॉवेल म्हणजे खांब. वरच्या केकचा भार स्लॅबवरून खांबात आणि खांबातून थेट तळाच्या बेसवर उतरला पाहिजे.

आधी स्पंज. शिफॉन किंवा नुसत्या फेटलेल्या अंड्यांचा हलका स्पंज खालच्या भागात वापरू नये. बटर स्पंज घ्यावा, कारण फ्रिजमध्ये बटर घट्ट होतं आणि रचताना थर हातात वाकत नाहीत. तेलाचा स्पंज थंड असतानाही मऊच राहतो. एका सहा इंची टिनसाठी २ अंडी (कवचाशिवाय साधारण १०० ग्रॅम), बटर, साखर आणि मैदा प्रत्येकी १०० ग्रॅम, १ टीस्पून बेकिंग पावडर. १६० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. असे चार स्पंज लागतात. एगलेस करायचा असेल तर भुसभुशीत प्रिमिक्स टाळा. त्याची जाळी मोठी असते आणि दाबाखाली ती मिटते.

भाजलेला स्पंज पूर्ण गार करून, क्लिंग रॅपमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वरचा फुगीर भाग करवतीच्या सुरीने काढून टाका आणि प्रत्येकातून २ सेंटिमीटरचे दोन थर कापा. इथे मोजपट्टी घ्याच. एका बाजूला २ मिलिमीटर जास्त राहिले आणि तसेच चार थर एकाच दिशेने बसले, तर केक ८ मिलिमीटरने कलतो. तो कल वरून गनाश (चॉकलेट आणि क्रीमचा घट्ट लेप) थापून लपतो, जात नाही.

आता आठ थरांचा एक केक न करता चार-चार थरांचे दोन वेगळे केक रचा. ४ थर म्हणजे ८ सेंटिमीटर, मधली ३ फिलिंग प्रत्येकी ६ मिलिमीटर, म्हणजे एक भाग साधारण १० सेंटिमीटरचा. साखरपाणी सम प्रमाणात करा. प्रत्येक थराला २० मिलीलीटर पुरे, तळाच्या दोन थरांना त्याहून कमी. तळ ओला झाला की चिखल होतो आणि वरचं सगळं त्यात रुततं. फळांचं फिलिंग, क्रश किंवा मऊ क्रीम असेल तर थराच्या कडेने घट्ट गनाशचा बांध घाला आणि फिलिंग बांधाच्या उंचीपेक्षा २ मिलिमीटर खालीच ठेवा. बांध नसला की दाबाने फिलिंग कडेला सरकतं आणि केकचं पोट सुटतं.

यानंतरची पायरी घाईत सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते: केक बसू देणं. दोन्ही भाग क्लिंग रॅपमध्ये घट्ट गुंडाळा, वर एखादी स्वच्छ टाइल ठेवा आणि अर्धा तास बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. थरांमधली अडकलेली हवा निघते आणि उंची थोडी कमी होते. डॉवेल याच्या नंतरच कापायचे. आधी कापले तर स्पंज नंतर खाली बसतो, बोर्ड मात्र डॉवेलवर वरच राहतो आणि केकच्या मधोमध गनाशला आडवी भेग जाते. नेमकी मध्यावर आलेली अशी भेग दिसली तर कारण बहुधा हेच.

डॉवेल पोकळ प्लास्टिकचे, १० ते १२ मिलिमीटर जाडीचे घ्या. आतून पोकळ असल्यामुळे केकचा गाभा नळीत शिरतो आणि स्पंज फाटत नाही. कबाबच्या काड्या बारीक असतात, बोर्डाखाली त्या तिरक्या होतात. कागदी स्ट्रॉ ओलाव्याने मऊ पडतात आणि एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक स्ट्रॉवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पहिला डॉवेल बेसला टेकेपर्यंत सरळ खाली घाला, केकच्या पातळीला खूण करा, बाहेर काढून कापा आणि उरलेले तीन त्याच मापाचे करा. प्रत्येकाचं माप वेगवेगळं घेऊ नका, नाहीतर केकचा चढउतार डॉवेलमध्ये उतरतो. चारही डॉवेल मध्यापासून ४ सेंटिमीटरवर चौकात बसवा, मध्य मोकळा ठेवा. डॉवेल केकला समपातळीत असावेत, फार तर अर्धा-एक मिलिमीटर वर. आखूड राहिले तर भार पुन्हा स्पंजवर येतो.

मधला बोर्ड केकपेक्षा अर्धा सेंटिमीटर लहान व्यासाचा हवा, म्हणजे त्याची कड गनाशखाली झाकली जाते. साधा सोनेरी पुठ्ठा ओल्या केकखाली वाकतो. लॅमिनेटेड जाड पुठ्ठा किंवा ३ मिलिमीटरचा फोम बोर्ड घ्या आणि मधोमध भोक आधीच पाडून ठेवा. बोर्डाला वर-खाली गनाशचा ठिपका लावून वरचा भाग ठेवा. दोन्ही भाग फ्रिजमधून नुकतेच काढलेले, घट्ट असावेत. मग ६ मिलिमीटरची लाकडी काठी धुऊन, वाळवून, टोक काढून वरून सरळ आत घाला. ती केकच्या उंचीपेक्षा १ सेंटिमीटर आखूड ठेवा. वाहतुकीत धक्के बसणार असतील तर तळाला १२ मिलिमीटरचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा) बेस घेऊन काठी त्याला स्क्रूने पक्की करणं उत्तम. तेव्हा ती आधीच उभी असते आणि दोन्ही भाग भोकातून तिच्यावर ओवायचे असतात.

बाहेरून गनाशच लावावा असं माझं ठाम मत आहे. डार्क चॉकलेट आणि क्रीम २:१, मे महिन्यात मुंबई-कोकणात अडीचास एक. व्हाइट चॉकलेटला ३:१, उन्हाळ्यात ४:१. नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम चवीला हलकं असलं, तरी आठ इंची उभ्या भिंतीवर दमट हवेत ते घसरतं. ग्राहकाला तेच हवं असेल तर पाच इंचांवर थांबा आणि आधीच तसं सांगा.

नेताना केक सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते. पायापाशी सपाट जागेवर, खाली न सरकणारी जाळी घालून, एसी २० मिनिटं आधी लावून. पोहोचल्यावर खोका लगेच उघडू नका. थंड केकवर दमट हवेचं पाणी धरतं, ते खोक्यावरच धरू द्या.

कापणाऱ्याला दोन गोष्टी लिहून द्या. आधी मधली काठी ओढून काढायची. स्क्रूची असेल तर वरचा भाग तिच्यावरून सरळ वर उचलायचा. मग वरचे चार इंच बोर्डासकट बाजूला घेऊन वेगळे कापायचे, खालच्या भागातले चार डॉवेल मोजून काढायचे आणि मगच सुरी लावायची. बटर स्पंज फ्रिजबाहेर दीड-दोन तास राहिला तर मऊ लागतो, त्यामुळे जेवणाच्या वेळेचा हिशोब करून केक बाहेर काढायला सांगा.